मध्यस्थीला बसण्याआधी: समोरचा माणूस ऐकणारा, मत देणारा की निकाल देणारा?

मध्यस्थी केंद्रात पहिल्या दिवशी जाताना मी जाडजूड फाइल घेऊन गेलो होतो. सातबारे, जुने फेरफार, वडिलांच्या हातची वही, ऊसबिलांच्या झेरॉक्स, सगळं तारखेनुसार लावलेलं. मध्यस्थ बाईंनी फाइल हातात घेतली, न उघडताच टेबलाच्या कडेला ठेवली आणि म्हणाल्या, "कागद लागतील तेव्हा बघू. आधी सांगा, तुम्हाला नक्की काय हवंय?"

मला उत्तर देता आलं नाही. दावा लावून दोन वर्षं झाली होती, त्याआधी गावात आणि एका निवृत्त अधिकाऱ्यांच्या घरी अशा दोन बैठका झाल्या होत्या, आणि हा साधा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मी तयारी न्यायाधीशासमोर जायची केली होती. समोर न्यायाधीश नव्हता.

हा लेख त्यासाठीच. थोरला भाऊ, आमची अक्का आणि मी, अशा तिघांत २ हेक्टर ४० आर शेती आणि एका विहिरीचा वाद होता. तीन वेगवेगळ्या तऱ्हेच्या मध्यस्थांसमोर बसलो. दोन बैठका वाया गेल्या, त्या माणसं वाईट होती म्हणून नव्हे. कोणाकडून काय मिळू शकतं हे आम्हाला ठाऊक नव्हतं, म्हणून. तुमचा वाद जमिनीचा नसेल, दुकानाच्या उधारीचा, सोसायटीतल्या गळतीचा किंवा नवरा-बायकोचा असेल, तरी पहिली पायरी हीच आहे.

१. कोणाकडे बसताय ते ओळखा

मराठीत 'मध्यस्थ' हा शब्द आपण सैल वापरतो. लग्न जमवणारा मध्यस्थ, जमिनीच्या व्यवहारातला मध्यस्थ, भांडण मिटवणाराही मध्यस्थच. कायद्याच्या भाषेत मात्र लवाद वेगळा, मध्यस्थी वेगळी, लोकअदालत वेगळी. बैठकीचं बोलावणं आलं की एकच गोष्ट विचारायची: आमचं एकमत झालं नाही, तर या माणसाला निर्णय लादायचा अधिकार आहे का? उत्तरावरून पुढची सगळी तयारी ठरते.

गावातली बैठक. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली आणि गावोगाव तंटामुक्ती समित्या झाल्या. बांधाचा, सांडपाण्याचा, जनावरं पिकात शिरल्याचा वाद इथे एका संध्याकाळी मिटू शकतो, कारण बसलेल्या प्रत्येकाने तो बांध पाहिलेला असतो. समितीला कोर्टासारखा हुकूम काढता येत नाही. तिचं बळ गावाच्या शब्दात असतं. अडचणही तिथेच आहे. आमची बैठक देवळाच्या मंडपात झाली, वीस-पंचवीस माणसं भोवती. भावाने सुरुवातीलाच "विहीर देणार नाही" म्हटलं, आणि गावासमोर टाकलेला शब्द त्याला मागे घेता येईना. मलाही येईना. वर दोघा-तिघा जाणत्यांनी अक्काला सांगितलं, "तू सोडून दे, माहेर टिकेल." ती उठून गेली.

इथे एक गोष्ट ठासून सांगतो. जातपंचायत म्हणजे मध्यस्थी नव्हे. दंड ठोठावणं, वाळीत टाकणं, लग्नकार्याला बंदी घालणं हा गुन्हा आहे. महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा २०१६ चा आहे आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. "पंच बसलेत, ये" असा निरोप आला आणि न येण्याची किंमत सांगितली गेली, तर तिथे जाऊ नका. पोलिसांकडे किंवा मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाकडे जा.

मत देणारा मध्यस्थ. बहुधा निवृत्त न्यायाधीश, ज्येष्ठ वकील, नाहीतर त्या धंद्यातला मुरलेला माणूस. तो कागद वाचतो आणि सांगतो, "कोर्टात गेलात तर साधारण असं होईल." पैशाच्या वादात, बांधकाम ठेकेदाराच्या बिलात, विम्याच्या दाव्यात याच्यासारखा उपयोगी माणूस नाही. आमचे निवृत्त अधिकारी या प्रकारचे. त्यांनी जे सांगितलं ते बरोबर होतं: हिस्सा समान मिळेल, पण मागच्या उसाचा हिशोब सिद्ध करणं तुम्हाला जड जाईल. भावाच्या कानावर मात्र त्यातलं पहिलं अर्धंच पडलं. "म्हणजे चूक माझीच ठरली," म्हणत तो चप्पल घालून निघाला. एका घरातल्या माणसांना पहिल्याच बैठकीत 'तुझी बाजू कच्ची' असं ऐकवलं की पुढचं बोलणं थांबतं. अशा घरच्या वादात मत शेवटी मागावं.

वाट करून देणारा मध्यस्थ. कोर्टाला जोडलेल्या मध्यस्थी केंद्रात बहुतेक असे भेटतात. हे वकील किंवा न्यायिक अधिकारी असतात आणि त्यांना किमान ४० तासांचं प्रशिक्षण दिलेलं असतं. ते निकाल देत नाहीत, सहसा मतही देत नाहीत. प्रश्न विचारतात, आणि उत्तराची घाई करत नाहीत. बोलायची सवय नसलेल्या माणसाला हे सुरुवातीला पोकळ वाटतं. "हे काही सांगतच नाहीत" अशी तक्रार मी बाहेरच्या बाकावर किती जणांकडून ऐकली. थोडा धीर धरा.

याच वाटेवरची, पण वेगळा हेतू असलेली पद्धत कौटुंबिक न्यायालयातल्या विवाह समुपदेशकांची. तिथे तडजोडीचा कागद ही एकच मोजपट्टी नसते. दोघं एकमेकांचं ऐकून घेऊ शकतात का, मुलांसाठी पुढची पंधरा वर्षं बोलू शकतील का, यावर भर असतो. वेगळं व्हायचंच ठरलं तरी ते नीट कसं व्हावं, यासाठीही ही बैठक कामाची आहे. पोटगीचा आकडा घेऊन तिथे घासाघीस करायला गेलात तर निराश व्हाल.

लोकअदालत. पॅनेलवर न्यायाधीश, सोबत वकील किंवा समाजसेवक. फी नाही, आणि दाखल दाव्यात तडजोड झाली तर भरलेली कोर्ट फी परत मिळते. धनादेश न वटल्याची प्रकरणं, बँकेची थकबाकी, मोटार अपघाताची भरपाई यांसाठी उत्तम. पण एका दिवसात ढीगभर प्रकरणं असतात, तुमच्या वाट्याला मिनिटं येतात. आकडा घरीच ठरवून जायचं ते ठिकाण आहे, मन मोकळं करायचं नव्हे. आणि विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम २१ नुसार इथला निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. सही करण्याआधी हे वाक्य मनात दोनदा म्हणा.

कायमस्वरूपी लोकअदालत. नाव सारखं, काम वेगळं. सगळ्यात जास्त माणसं इथे गोंधळतात. वीज, पाणी, टपाल, दूरध्वनी, प्रवासी वाहतूक, रुग्णालय, विमा अशा लोकोपयोगी सेवांचे वाद इथे जातात. आधी समेटाचा प्रयत्न होतो; तो फसला तर हेच मंडळ निकाल देऊ शकतं. म्हणून इथे मात्र फाइल पूर्ण लागते.

लवाद. हा खासगी न्यायाधीशच समजा. करारात 'वाद लवादाकडे जाईल' असं कलम असेल तर तुम्ही मध्यस्थीला नव्हे, एका परीने खटल्यालाच निघाला आहात.

२. तुमचा वाद मध्यस्थीत बसतो का

दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ८९ जुलै २००२ पासून लागू आहे. त्याखाली कोर्ट दावा मध्यस्थीकडे पाठवतं. कोणते दावे पाठवावेत आणि कोणते नाही, याची यादी सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये ॲफकॉन्स प्रकरणात घालून दिली. वाटप, भाडेकरू-मालक, शेजारी, भागीदारी, करार, नवरा-बायको, ग्राहक यांचे वाद बसतात. खोटी सही, बनावट खरेदीखत असे गंभीर आणि नेमके आरोप असतील, सार्वजनिक पदाच्या निवडणुकीचा वाद असेल, अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालच्या, मुलाच्या किंवा देवस्थानाच्या हक्काला कोर्टाचं संरक्षण लागणार असेल, तर हा रस्ता तुमचा नाही.

मारहाण झालेल्या घरात मध्यस्थीची घाई करू नका. समोरासमोर बसल्यावर ज्या बाईचा आवाज निघत नाही, तिची सही म्हणजे संमती नव्हे. मला स्वतंत्र खोलीत बसायचं आहे, सोबत माझं माणूस हवं, किंवा मला मध्यस्थी नकोच, हे सांगायचा तिला अधिकार आहे. मध्यस्थाला ते पहिल्याच मिनिटाला सांगावं.

व्यापारी व्यवहाराचा वाद असेल आणि रक्कम तीन लाख किंवा त्याहून जास्त असेल, तर गोष्ट उलटी आहे. तातडीचा मनाई हुकूम मागायचा नसेल तर दाव्याआधी मध्यस्थी करावीच लागते. व्यावसायिक न्यायालय कायद्याचं कलम १२अ बंधनकारक आहे असं सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२२ मध्ये स्पष्ट केलं. ही पायरी गाळून लावलेला दावा फेटाळला जातो.

३. मुदतीकडे डोळा ठेवा

गावातल्या किंवा घरगुती बैठका चालू आहेत म्हणून दाव्याची मुदत थांबत नाही. उसनवारीच्या पैशाला साधारणपणे तीन वर्षं असतात. समोरचा "बसू, बसू, दिवाळीनंतर बसू" म्हणत राहतो आणि एक दिवस वकील सांगतात की मुदत गेली. शेवटचे सहा महिने उरले असतील तर आधी वकिलांना भेटा. दावा दाखल करूनही मध्यस्थी करता येते, आणि दावा लावला म्हणजे नातं तोडलं असं होत नाही.

४. सगळे हक्कदार खोलीत आहेत ना, बघा

आमच्या पहिल्या तारखेला खोलीत मी, भाऊ आणि दोन वकील. बाईंनी दाव्याच्या पहिल्या पानावरून बोट फिरवलं. "प्रतिवादी क्रमांक दोन कुठे आहेत?" ती अक्का. कागदावर होती, पण तिला बोलवायचं कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. बाईंनी त्या दिवशी बैठक पुढे नेलीच नाही. "त्यांच्याशिवाय केलेला कागद तुम्हालाच पुढे नडेल."

हे अगदी खरं आहे. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलासारखाच जन्मापासून हक्क मिळाला, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या ११ ऑगस्ट २०२० च्या विनीता शर्मा निकालाने, दुरुस्तीच्या वेळी वडील हयात नसले तरी तो मिळतो हे पक्कं केलं. बहिणीला वगळून केलेली तडजोड ती, किंवा उद्या तिची मुलं, मोडू शकतात. तिला हिस्सा सोडायचाच असेल तर तो तिने स्वतःच्या मनाने, स्वतःच्या वकिलाचा सल्ला घेऊन, नोंदणीकृत हक्कसोडपत्राने सोडावा. मंडपात सगळ्यांसमोर मान हलवली म्हणजे हक्क सुटत नाही.

अक्काने हिस्सा सोडला नाही. तिला तालुका विधी सेवा समितीकडून मोफत वकील मिळाले. स्त्रियांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही, हे फार जणींना माहीतच नसतं. ती आली, तिसरी खुर्ची लागली, आणि खरं सांगतो, तिच्या येण्याने आम्हा दोघा भावांचा आवाज खाली आला.

बैठकीला जाण्याआधी कागदावर नावं लिहून काढा: सातबाऱ्यावरचे सगळे, मयतांचे वारस, परगावी असलेले, कर्ज देणारी सोसायटी किंवा बँक. येऊ न शकणाऱ्याने मुखत्यारपत्र द्यायचं असेल तर त्यात 'तडजोड करण्याचा अधिकार' हे शब्द हवेत. कोणी अज्ञान असेल तर त्याच्या वतीने तडजोड करायला कोर्टाची परवानगी लागते.

५. सोबत काय न्यायचं

फाइल बाजूला ठेवली गेली तरी ती घरी ठेवून जाऊ नका. दुसऱ्या-तिसऱ्या बैठकीत आकडे निघतातच.

- आधार आणि पॅन, मूळ आणि झेरॉक्स. मुखत्यारपत्र असल्यास मूळ
- कोर्टाचा मध्यस्थीला पाठवल्याचा आदेश, दावा आणि कैफियत (दाव्याला दिलेलं लेखी उत्तर) यांच्या प्रती
- जमीन असेल तर चालू सातबारा, आठ-अ, सगळे फेरफार, गटाचा नकाशा, जुनी मोजणी झाली असल्यास 'क' प्रत
- मयताचा दाखला आणि वारस नोंद
- घर किंवा फ्लॅट असेल तर खरेदीखत, इंडेक्स दोन, सोसायटीचं पत्र, घरपट्टीची पावती
- पैशाचा वाद असेल तर बँकेचं स्टेटमेंट, बिलं, पावत्या, मोबाइलवरच्या मेसेजच्या छापील प्रती
- कर्ज, बोजा, वीजबिल, पाणीपट्टी यांची आजची बाकी
- एक कोरी वही

जमिनीच्या वादात शक्य असेल तर हाताने काढलेला नकाशा न्या. विहीर कुठे, रस्ता कुठून, पाइपलाइन कशाखालून, उतार कुठल्या बाजूला. आमचा अर्धा वाद त्या नकाशावर बोट ठेवून मिटला. सरकारी नकाशात गटाची हद्द दिसते, पाणी कुठून फिरतं ते दिसत नाही.

आणि कागदाइतकीच महत्त्वाची तयारी मनाची. वहीत तीन ओळी लिहून जा: मला काय हवंय, ते मला का हवंय, आणि इथे काहीच ठरलं नाही तर पुढची किती वर्षं, किती पैसा, किती तारखा. तिसरी ओळ लिहिताना वकिलांना बसवून खरा अंदाज घ्या.

६. बैठकीत काय घडतं

सुरुवातीला मध्यस्थ नियम सांगतात: आपल्या मर्जीने बसायचं, मधे तोडायचं नाही, आणि इथलं बोलणं बाहेर जाणार नाही. हा शेवटचा नियम नुसता शिष्टाचार नाही. मध्यस्थी फसली तर मध्यस्थाने कोर्टाला एवढंच कळवायचं की ती यशस्वी झाली नाही. कोण काय बोललं, कोण अडून बसलं, हे कळवायचं नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच बजावलं आहे. त्यामुळे "मी दोन पावलं मागे येतो" असं इथे म्हटलं तर ते उद्या साक्षीत तुमच्यावर उलटत नाही.

मग एकत्र बैठक. प्रत्येकाने आपली हकीकत सांगायची. हकीकत म्हणजे आरोपपत्र नव्हे. "याने वीस वर्षं लुटलं" असं म्हणून सुरुवात केली की समोरचा उरलेला वेळ त्या एका वाक्याला उत्तर देत बसतो.

त्यानंतर वेगवेगळ्या बैठका. खरं काम इथे होतं. मला आत घेऊन बाईंनी विचारलं, "धरून चालू, विहीर तुमच्या वाट्याला आली. सकाळी मोटर चालू करायला कोण जाणार?"

मी चिंचवडला राहतो, कंपनीत पाळ्या असतात. गावी महिन्यातून एकदा जाणं होतं. मी गप्प राहिलो. त्याही गप्प राहिल्या, बराच वेळ. मग माझ्याच तोंडून निघालं की विहीर नकोय मला, पण वडील गेल्यापासून ऊसबिलाचा एक कागद मला कोणी दाखवला नाही. उद्या सातबाऱ्यावरून माझं नावही जाईल आणि ते मला तलाठी कार्यालयात कळेल. दोन वर्षं मी विहीर मागत होतो, आणि भीती वेगळीच होती.

भावाने त्याच्या खोलीत काय सांगितलं ते त्याने नंतर स्वतः मला सांगितलं. त्याला वाटत होतं, विहिरीची बाजू माझ्याकडे गेली की मी ती बाहेरच्याला विकणार, आणि त्याचा ऊस उभा जळणार. विकायचा विचार मी कधी केला नव्हता. पण तो त्याला कळणार कसा?

प्रत्येक वेळी बाहेर जाताना बाई विचारायच्या, "यातलं काय तिकडे सांगू, काय नको?" हे नीट ठरवून उत्तर द्या. भीती सांगायला हरकत नसते. शेवटचा आकडा लगेच सांगायची गरज नसते.

आम्हाला चार बैठका लागल्या. नियमात साधारण ६० दिवस आणि गरज पडल्यास कोर्टाकडून आणखी ३० दिवस असा काळ धरलेला आहे. एका बैठकीत नाही जमलं म्हणून सोडून देऊ नका. तीच तक्रार चौथ्यांदा त्याच शब्दांत ऐकू यायला लागली तर मात्र थांबायला हरकत नाही. तेव्हा मध्यस्थांना विचारा, आता तुमचं मत द्याल का, किंवा आमच्या वकिलांनी एकत्र बसून कोर्टात काय होईल ते स्पष्ट सांगावं का. मत देणाऱ्या पद्धतीची जागा ही आहे. आमच्या हिशोबाचा आकडा याच वाटेने ठरला.

दोन सवयी टाळा. वकिलाला सगळं बोलू देऊन आपण भिंतीकडे बघत बसणं. आणि सासुरवाडीच्या, मित्रांच्या फौजेसह जाणं. बाहेर बाकावर बसलेला मेहुणा दर दहा मिनिटांनी "हलू नकोस" सांगत असेल, तर आत ठरलेलं दारातच मोडतं.

७. मसुदा: गोड शब्द नकोत, वार आणि आकडे हवेत

तडजोड ठरल्यावर सगळे थकलेले असतात. चहा येतो, डोळे ओले होतात, आणि मसुदा घाईने लिहिला जातो. पुढचं भांडण या घाईतून जन्मतं.

आमच्या पहिल्या मसुद्यात वाक्य होतं: 'विहिरीचे पाणी तिघांनी समजुतीने वापरावे.' बाईंनी 'समजुतीने' या शब्दाखाली पेन्सिलने रेघ मारली. "समजूत असती तर इथे आला असता का? पाळी लिहा."

मी म्हटलं, दिवसा दादा, रात्री आम्ही. भाऊ म्हणाला, "शेतीची थ्री फेज एक आठवडा दिवसा असते, एक आठवडा रात्री. कसं करणार?" वीस वर्षं मोटरपाशी उभा राहिलेला माणूस खोलीत होता म्हणून हे कळलं. मग वार वाटले: सोमवार, मंगळवार दादाचे; बुधवार, गुरुवार अक्काचे; शुक्रवार, शनिवार माझे; रविवार फिरता. अक्काचा आणि माझा हिस्सा दादाच खंडाने करणार होता, तरी पाळी लिहिली. आज तो करतो, दहा वर्षांनी कोण करेल माहीत नाही.

त्यातून पुढचे प्रश्न निघत गेले आणि प्रत्येकाला एक ओळ मिळाली. कनेक्शन वडिलांच्या नावावर आहे, ते कोणाच्या नावे करायचं? वीजबिल कसं वाटायचं? मोटर जळाली तर दुरुस्ती कोण करणार आणि किती दिवसांत? मे महिन्यात पाणी तळाला गेलं तर पाळी तासांनी मोजायची की आधी उभ्या उसाला द्यायचं? दादाच्या शेताखालून येणारी पाइपलाइन फुटली तर खणायला परवानगी कशी? हिस्सा विकायचा झाला तर आधी भावंडांना लेखी विचारायचं, उत्तराला किती दिवस? वारसाने आलेल्या मिळकतीत सहवारसाला अग्रहक्क हिंदू वारसा कायद्याच्या कलम २२ मध्ये आहे, पण वाटप झाल्यावर त्या भरवशावर राहू नका. करारात लिहून घ्या.

रस्त्याकडचे दोन तुकडे अक्काचा आणि माझा, विहिरीकडचा दादाचा, प्रत्येकी ८० आर. हिशोबाची रक्कम तीन हप्त्यांत, दर वर्षी कारखान्याचं बिल जमा झाल्यापासून ठरलेल्या दिवसांत. हप्ता चुकला तर काय, तेही लिहिलं.

तुमचा वाद वेगळा असेल तरी हीच चाळण लावा: कोण, काय, किती, कुठल्या तारखेपर्यंत, आणि नाही केलं तर काय. सोसायटीतल्या गळतीच्या वादात 'वरचा सदस्य दुरुस्ती करून देईल' एवढं पुरत नाही; कोणता ठेकेदार, किती दिवस, खालच्या छताचा रंग कोणाच्या खर्चाने, आणि पहिल्या पावसात पुन्हा ओल आली तर?

जमिनीत तुकडेबंदीचा कायदाही पाहा. प्रमाणभूत, म्हणजे कायद्याने ठरवलेल्या किमान, क्षेत्रापेक्षा लहान तुकडे पाडलेत तर वाटप कागदावरच अडकतं. आणि भावाभावांच्या नव्हे, पण दोन शेतकऱ्यांच्या जमिनी वर्षानुवर्षं एकमेकांच्या ताब्यात असतील, सातबारा एकाचा आणि वहिवाट दुसऱ्याची, तर राज्य सरकारच्या २०२३ च्या सलोखा योजनेची माहिती तलाठ्याकडे काढा. ताबा किमान १२ वर्षांचा असेल तर अदलाबदलीच्या दस्ताला एक हजार रुपये मुद्रांक शुल्क आणि एक हजार नोंदणी फी, अशी ती सवलत आणली गेली. तिची मुदत तुमच्या वेळी चालू आहे ना, तेवढं विचारून घ्या.

८. सही आणि त्यानंतरची धावपळ

मसुदा घरी नेऊन एक रात्र वाचा. मागितलीत तर मिळते ही सवड. इंग्रजीत असेल तर मराठीत करून मागा. न समजलेल्या कागदावर सही नको.

दावा चालू असेल तर पक्षकारांच्या आणि वकिलांच्या सह्यांनी तडजोड कोर्टात जाते, कोर्ट तुम्हाला विचारतं की ही राजीखुशीची आहे ना, आणि तिच्यावर हुकूमनामा (डिक्री) होतो. हा हुकूमनामा कोणी पाळला नाही तर सरळ दरखास्त, म्हणजे अंमलबजावणीचा अर्ज, लावता येते. तो सहजी मोडता येत नाही, हे लक्षात ठेवा. कोर्ट फी परत मिळण्यासाठीचा अर्ज त्याच सुमारास द्या. नंतर राहून जातं.

दावा नसताना बाहेर तडजोड केली असेल तर स्टॅम्पपेपरवर लिहून नोटरी केली म्हणजे झालं, हा समज सोडा. स्थावर मिळकतीतले हक्क ज्या कागदाने एकाकडून दुसऱ्याकडे जातात, तो दुय्यम निबंधकाकडे नोंदवावा लागतो. मध्यस्थी कायदा २०२३ मध्ये झाला आणि त्यातली काही कलमं ९ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाली, सगळी एकदम नव्हे. त्यामुळे "आमच्या मध्यस्थीचा कागद हुकूमनाम्यासारखाच" असं कोणी म्हणालं तर कोणत्या कलमाखाली, ते विचारा आणि वकिलांकडून खात्री करा.

तडजोडीत दाव्याबाहेरची मिळकत घातली असेल, म्हणजे दावा शेतीचा आणि तडजोडीत गावातलं घरही वाटलं, तर त्या भागासाठी नोंदणी लागते. वाटपाच्या अंतिम हुकूमनाम्यालाही मुद्रांक शुल्क असतं. आम्हाला हे उशिरा कळलं आणि प्रत हातात यायला दोन महिने जास्त गेले.

त्यानंतर मोजणी. भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज, फी, तारीख. मोजणीच्या दिवशी तिघांनीही हजर राहा, खुणांचे दगड आपल्या डोळ्यांदेखत रोवून घ्या आणि त्यांचे फोटो काढा. मग हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत घेऊन तलाठ्याकडे, म्हणजे आता ज्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात त्यांच्याकडे, फेरफारासाठी अर्ज. नोटीस निघते, हरकतीसाठी १५ दिवस असतात, मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात.

ती मंजूर झाली की तिघांच्या नावांचे वेगवेगळे सातबारे काढा आणि एकत्र बसून क्षेत्र, आकार, इतर हक्क असं एकेक रकाना ताडून पाहा. आमच्या अक्काच्या उताऱ्यात 'विहिरीत १/३ हिस्सा' ही नोंद राहून गेली होती. दादानेच ती पाहिली, आणि दुरुस्तीच्या अर्जावर पहिली सही त्याने केली.